पहिलीतल्या मुलीचे बूट आणि कपडे: मापाचे की वाढत्या अंगाचे?

दोन_वेण्या: मुलगी पहिलीत जाणार आहे. पाय भराभर वाढतो, म्हणून बूट दोन नंबर मोठेच घ्या असं घरात म्हणणं पडतंय. पटत नाही, पण नेमकं किती मोठे घ्यायचे? लेस की वेल्क्रो? आणि कपडेही वाढत्या अंगाचे घ्यावेत का?

चवडा_टाच: दोन नंबर नकोच. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे सतरा. एवढ्या जागेत पाय पुढे सरकतो, मूल बोटं आखडून बूट धरून ठेवतं, टाच वरखाली घासून फोड येतो आणि पळताना बुटाचं टोक अडकतं.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा (दरवेळी ते अंगठाच असेल असं नाही). दोन्ही पाय मोजा, मोठा धरा आणि त्यात 10 ते 12 मिलिमीटर मिळवा. मग बुटातला पॅड (आतला सुटा तळ) बाहेर काढून त्याची लांबी ताडून बघा. वरून टोक दाबून अंदाज घेऊ नका, दाबलं की मुलं बोटं आत ओढतात. "टोचतंय का?" याचंही उत्तर, बूट आवडला असेल तर, "नाही" असंच येणार.

बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल किंवा टाचेची मागची बाजू बोटाने सहज दबत असेल, तर तो बूट घेऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

माया_सोडा: कपड्यांत थोडं मोठं चालतं, पण लांबीत, कमरेत नाही. कमरेला ढिलं असलं की एका हाताने चड्डी धरूनच खेळणं होतं. शिवून घेणार असाल तर बाजूच्या शिवणीत दोन-अडीच सेंटीमीटर माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) आणि खालच्या दुमडीत पाच-सहा सेंटीमीटर कापड ठेवायला सांगा, म्हणजे पुढे उसवून वाढवता येतं.

कमरेला इलॅस्टिकच बरं. घट्ट हूक, बक्कल किंवा पाठीवरची चेन शूच्या घाईत एकट्याने उघडत नाही आणि कपडे ओले होतात. फ्रॉक किंवा स्कर्टच्या आत आखूड शॉर्ट द्या. टोपीच्या जॅकेटची गळ्याची नाडी मात्र ओढून काढूनच टाका. घसरगुंडीच्या फटीत ती अडकली तर गळा आवळला जातो, इथे तडजोड नको.

चवडा_टाच: लेसचं राहिलं. गाठ स्वतःची स्वतःला पक्की मारता येईपर्यंत वेल्क्रो. वेल्क्रोच्या बारीक हुकांत धागे अडकले की पकड जाते; जुन्या टूथब्रशने काढा.

दोन_वेण्या: ओले झालेले बूट एका रात्रीत वाळतात का?

माया_सोडा: पॅड काढून वेगळा वाळवा, बुटात कागदाचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. हीटरजवळ नको, सोलचा गोंद सुटतो. तरी सकाळपर्यंत खात्री नाही. दुसरा जोड असेल तर आलटूनपालटून घाला. आत दमट राहिलेल्या बुटात कोरडा मोजाही ओला होतो आणि फोड तिथेच येतात.