मार्बरीच्या केसमधी जज स्वतःच गुंतला होता का?

परभणीचा_लॉवाला: एलएलबी दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सरांनी अमेरिकेची मार्बरी विरुद्ध मॅडिसन केस काढली, तेवढ्यात बेल झाली. डोक्यात हे अडकलंय की त्या केसचा जज जॉन मार्शल पंधरा भावंडांतला थोरला, वॉशिंग्टनच्या फौजेत व्हॅली फोर्जच्या थंडीत काकडलेला, कायद्याचं शिक्षण १७८० मधी कॉलेजात जेमतेम काही आठवडे, मग थेट सरन्यायाधीश कसा काय? आन् त्या केसमधी त्याचाच हात होता म्हणे?

कोर्टातला_जुना: हात कसला, सगळी भानगडच त्याची! असं समज भाऊ, तहसीलला साहेबाची बदली, आदल्या रात्री ऑर्डरी निघाल्या, सही-शिक्का झाला पण काही टेबलावरच राहिल्या, आन् नवा साहेब म्हणला वाटू नका. जुना साहेब म्हंजे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स, नवा जेफरसन (त्याचा मंत्री मॅडिसन), आन् शिक्का मारून ऑर्डरी पोचवायचं काम ज्या खात्याचं त्याचा मंत्री मार्शलच. १८०१ मधी सरन्यायाधीश झाल्यावरही महिनाभर ते खातं त्याच्याकडंच होतं. ज्याची नेमणुकीची ऑर्डर अशी अडकली तो मार्बरी, मॅंडमससाठी (म्हंजे सरकारला त्याचं काम करायला लावणारा कोर्टाचा हुकूम) थेट सुप्रीम कोर्टात गेला. १८०३ ला मार्शल म्हणला, हक्क तुझाच, पण १७८९ च्या कायद्याचं जे कलम १३ धरून तू थेट आलास तेच घटनेत बसत नाही, रद्द. जेफरसनला हुकूम दिलाच नाही तर तो मोडणार काय? कायदा तपासायचा अधिकार मात्र कोर्टाच्या खिशात. आपल्याकडं असतं तर पहिल्याच तारखेला म्हणले असते, साहेब, दुसऱ्या बेंचकडं पाठवा.

सरन्यायाधीश कसा झाला म्हणशील तर अ‍ॅडम्सनं आधी जॉन जे ला नेमलं होतं, त्याला कोर्टात काही दमच दिसंना, नको म्हणला.

लातूरची_ताई: आपल्याकडं हाच अधिकार घटनेच्या कलम १३ मधी लिहूनच ठेवलाय. पेपरात दोन्ही १३ ची भेसळ करू नको, मी केलती, मार्क गेले. मला तर त्याचं दुसरंच काम भारी वाटतं, आधी प्रत्येक जज आपापला निकाल वाचायचा, ह्यानं कोर्टाचा एकच निकाल द्यायची सवय लावली. सगळे जज एकाच खानावळीत राहायचे, जेवता जेवता चर्चा. ३४ वर्षं, १८३५ ला मरेपर्यंत.

नांदेड_एक्सप्रेस: तो गुलाम बाळगून होता ते बी लिहा की.

लातूरची_ताई: हो, खरंय ते, आमच्या नोट्समधी एक ओळ नव्हती त्यावर.

परभणीचा_लॉवाला: लई भारी समजलं. पण मार्बरीला नोकरी मिळाली का शेवटी?

कोर्टातला_जुना: कुठली भाऊ.