रायडिंग सोडून टीम काढावी का?

लाल_मातीचा_रायडर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातच राहतो, डर्ट ट्रॅकवर गाडी पळवतो. पावसाळ्यात पडलो, खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उडीवरनं उतरताना हात आता कचरतो. घरचे म्हणतात बास. ओळखीचे एक हार्डवेअरवाले काका म्हणतात, "पैसे मी घालतो, तू पोरं तयार कर, टीम काढू." रायडरचा मालक झालेल्या कुणाचं नीट चाललंय का?

जेटिंगमास्तर_उद्यमनगर:
भावा, लुचिओ चेकिनेल्लोचं बघ. इटलीचा गडी, १२५ सीसीच्या वर्गात ७ जीपी (ग्रां प्री, म्हणजे जागतिक शर्यती) मारल्या, वर्ल्ड चॅम्पियन कधीच झाला नाही. १९९६ ला स्वतःच्या नावाची एलसीआर (लुचिओ चेकिनेल्लो रेसिंग) टीम काढली आणि २००३ पर्यंत तिच्यातच स्वतः गाडी चालवली. म्हणजे वस्तादही तोच आणि आखाड्यात उतरणारा पैलवानही तोच. त्याच्या शेवटच्या हंगामात टीममध्ये दुसरं पोरगं होतं केसी स्टोनर. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, त्या पोरानं आयुष्यातली पहिली जीपी मारली. २००६ ला त्यालाच घेऊन लुचिओ मोटोजीपीत, म्हणजे सगळ्यात मोठ्या वर्गात, आला. पण मोठ्या वर्गातली पहिली शर्यत एलसीआरला मिळाली २०१६ ला, ब्रनोला, कॅल क्रचलोच्या हातनं. वीस वर्षं झाली की रं!

आता पैशाचं. क्रचलोची गाडी एका शर्यतीला कॅस्ट्रॉल या प्रायोजकाच्या रंगात, दुसऱ्या शर्यतीला गिव्हीच्या. हौस म्हणून नव्हे. एकटा धनी सगळा खर्च उचलत नसला की फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कवच) जाहिरातीला शर्यतीगणिक विकायचं. तुझे काका एकटेच आहेत, हे ध्यानात घे.

ओतकाम_शिरोली:
केनी रॉबर्ट्सला विसरू नका. १९७८, ७९, ८० असा सलग तीनदा ५०० सीसीचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या वर्गाचा, चॅम्पियन. नंतर त्यानं काढलेल्या टीमच्या यामाहावर वेन रेनीनं १९९० पासून तीन टायटलं मारली. तिथंच थांबला असता तर? पण १९९७ ला स्वतःची तीन सिलिंडरची गाडी आणली. वजनाला हलकी, वळणात झकास, पण चार सिलिंडरवाल्यांपुढं सरळ रस्त्यावर मागं पडायची. २००२ ला फिलिप आयलंडला मॅकविल्यम्सनं तिच्यावर पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली, शर्यत मात्र ती गाडी एकही जिंकली नाही. नवीन पॅटर्नचं (साच्याचं) कास्टिंग पहिल्या झटक्यात कधी पास होतं का, आमच्या शिरोलीत कुणालाही विचारा. तिथं तर अख्खं इंजिन होतं!

लाल_मातीचा_रायडर:
इंजिन कोण बनवतंय दादा, माझ्याकडं एक जुनी यामाहा आरएक्स आणि दोन पोरं आहेत. काकांना काय सांगू तेवढं बोला.

जेटिंगमास्तर_उद्यमनगर:
एका हंगामाचा खर्च कागदावर लिहून दे. टायर, क्लच प्लेटा, टेम्पोचं डिझेल, पोरांची जेवणं. आणि सगळ्यात वर, पोरगं पडलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार ते. ते वाचूनही काका "हो" म्हणाले तर आरएक्स घेऊन दुकानी ये, इंजिनचा ब्लॉक बघू. सोमवारी नको, उद्यमनगर बंद असतंय.