बर्मी हॉटेलात पहिल्यांदाच: चौघांनी काय मागवावं?

भुकेलेपंत: एकजण शाकाहारी, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मोहिंगा आणि लापेत थोक एवढीच नावं माहीत आहेत. कशानंतर काय खायचं?

तवंग: 'आधी हे, मग ते' असं नसतंच. भात मध्ये, बाकी सगळं एकदम टेबलावर. चौघांना दोन हिन (रस्से), एक थोक (कालवलेली कोशिंबीर), एक परतलेली भाजी आणि हिन्जो पुरे. हिन्जो म्हणजे पातळ सूप. ते आधीच संपवू नका, अधूनमधून चमचा-चमचा घ्या. रश्श्यावर बोटभर तेल दिसलं की लोक तक्रार करतात, पण पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवणं हीच तिथली 'सी ब्यान' पद्धत. तवंग बाजूला सारून खालचे तुकडे वाढून घ्या.

सोडेसुकट: लापेत म्हणजे मुरवलेली चहाची पानं. थोक कालवून आणू नका, सुटं द्या म्हणून सांगा: मध्ये पानं, भोवती तळलेला लसूण, तळलेल्या डाळी, तीळ, दाणे, सोडे, कोबी, टोमॅटो. लिंबू पिळलं की टोमॅटोला पाणी सुटतं आणि डाळी लगेच मऊ पडतात, म्हणून खायच्या वेळीच कालवायचं. आणि हो, चहाच तो. झोप हलकी असेल तर रात्री बेतानं.

मोहिंगा मुळात सकाळचा. मासा, गवती चहा, केळीचा गाभा घालून केलेला रस्सा, त्याला दाटपणा तांदळाच्या भाजलेल्या पिठाचा किंवा बेसनाचा. संध्याकाळपर्यंत तो घट्ट होत जातो आणि शेवया त्यात भिजत पडल्या तर गोळा होतो. रस्सा आणि शेवया वेगळ्या मागा. भजी वरून, शेवटी चुरायची.

भुकेलेपंत: शाकाहाऱ्याला अंबाडीची भाजी चालेल ना? मेनूत 'चिनबाउंग च्यो' आहे.

तवंग: भाजी म्हणून फसू नका! तीत बहुतेक वेळा सोडे किंवा न्गापी (आंबवलेल्या मासळीचा गोळा) असते. 'थेत थात लुत' म्हणजे शाकाहारी, हा शब्द वापरा. तरी फिश सॉस आणि न्गापीबद्दल वेगळं विचारा. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे शान तोहू. तोहू म्हणजे टोफूच, पण सोयाबीनचा नाही, बेसन घोटून थापलेला, हळदीनं पिवळा. तळलेलं मागवा, सोबतच्या चटणीची मात्र चौकशी करा.

सोडेसुकट: ॲलर्जीवाल्याचं दाणे वेचून भागत नाही. थोकवर कूट असतो आणि तळण पुष्कळदा शेंगदाणा तेलातच. तळणाची कढई एकच आहे का, ते थेट स्वयंपाक्याला विचारा. ठाम उत्तर मिळालं नाही तर त्याच्यासाठी साधा भातच मागवा.