एचडीआरची सुरुवात मोबाइलवर करावी का?

कृष्णाकाठ: तीन-तीन फोटो काढण्याची कटकट नको, मोबाइलमधले एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जुळवून गडद व उजळ दोन्ही भाग दाखवणारे तंत्र) सुरू केले की झाले, असा सल्ला काल येथे नवशिक्यांना दिला गेला. मला तो अजिबात मान्य नाही. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत उतरून कमानीखालून वर पाहावे, म्हणजे आतला काळा दगड आणि वरचे पांढरे आभाळ एका फोटोत का मावत नाही, हे कळते. तेथे ॲपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) व आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) कायम ठेवून, फक्त शटरचा वेग बदलत, दोन स्टॉप कमी, मधला आणि दोन स्टॉप जास्त (एका स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो) असे तीन रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो ट्रायपॉडवरून घ्यावेत. ॲपर्चर बदलल्यास फोकसची खोली बदलते आणि फोटो नीट जुळत नाहीत.

पठारवासी: तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. मोबाइलही झटपट अनेक फोटो घेऊन ते जुळवतोच. कासच्या पठारावर वाऱ्याने फुले हलत असताना तुमच्या तीन फोटोंत प्रत्येक पाकळी दुहेरी दिसेल, त्याचे काय? शिवाय फुलांच्या गालिच्यात ट्रायपॉडचे पाय रोवणारे पाहिले की माझा संताप होतो.

जुना फिल्मवाला: मुळात हा सगळा प्रकारच खोटा आहे. सांगलीत भाचीच्या लग्नाचे फोटो एका स्टुडिओने असे काही करून दिले की वधूचा चेहरा राखाडी झाला आणि प्रत्येकाच्या डोक्याभोवती पांढरी कड उमटली. आयुष्यात एकदाच येणारा तो दिवस होता. आता अल्बम उघडवत नाही.

कृष्णाकाठ: आपले दुःख समजते, परंतु दोष एचडीआरवर टाकू नका. ती कड टोन मॅपिंग, म्हणजे जुळवलेल्या फोटोतला उजेडाचा फरक पडद्यावर मावेल असा दाबणे, अतिरेकाने ताणल्यामुळे येते. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी 1850च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापल्या, त्यांनाही खोटे म्हणणार का?

जुना फिल्मवाला: त्यांना नाही म्हणणार. मात्र, ताणणारा हात कोठे थांबवायचा, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कोणी सांगत नाही, हा माझा आक्षेप कायम आहे.

पठारवासी: विहिरीपुरते ट्रायपॉडचे म्हणणे मान्य करतो, कारण तेथे काहीच हलत नाही. कासपुरते मात्र नाही.

कृष्णाकाठ: वाऱ्यापुरते मीही मान्य करतो, पण तेथे आधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, पाहावा. आलेख कोणत्याही टोकाला कापला जात नसेल, तर एकच रॉ फोटो पुरतो आणि एचडीआरची गरजच उरत नाही.