मदत हवी आहे: 'द सिक्रेट हिस्टरी' वाचताना मध्येच थांबले आहे

डोना टार्ट माझी फार लाडकी लेखिका. 'द गोल्डफिंच' दोनदा वाचून झाली, म्हणून आता तिची १९९२ ची पहिली कादंबरी हातात घेतली. बनी नावाच्या कॉलेजातल्या मुलाचा खून झालाय आणि तो त्याच्या मित्रांनीच केलाय, हे अगदी सुरुवातीलाच कळतं. तरी पुस्तक खाली ठेववत नव्हतं!

पहिला भाग संपला आणि मी अडले. गोष्ट सांगणारा रिचर्ड हा त्या मित्रांपैकीच एक, तो सांगतो त्यातलं कितपत खरं मानायचं? त्याच गटातल्या हेन्रीची रिचर्डवर एवढी छाप आहे की हेन्रीच्या थंडपणाचंही त्याला कौतुक वाटतं, आणि वाचता वाचता मीही त्या मुलांच्या बाजूची होऊन बसले. खून योग्यच वाटायला लागला होता मला. याचा खरंच त्रास होतोय, रात्री झोपताना तेच डोक्यात असतं.

ज्यांनी वाचली आहे त्यांनी सांगा ना, पुढे जाण्याआधी प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'बॅकी' नाटक वाचून घेऊ का? ही मुलं जंगलात घालवतात त्या रात्रीमागे डायोनिसस या ग्रीक मद्यदेवाची उपासना आहे एवढं समजलं, पण बाकीचे ग्रीक संदर्भ निसटतात. नाटकाचा चांगला मराठी अनुवाद कुणाला माहीत आहे का?

शेवट मात्र कृपया फोडू नका.