सायकलवरचा लांबचा पल्ला, कुणासाठी तरी : तुमचे अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण भाऊच्या धक्क्यावर रो-रोत (वाहनं नेणाऱ्या बोटीत) सायकली चढवून मांडव्याला उतरलो आणि सातव्या दिवशी तेरेखोलहून फेरीबोटीने गोव्यातल्या केरीला पोचलो. निमित्त होतं मुलींच्या एका वसतिगृहाचं. तिथे थंडीत पहाटे चारपासून चुलीवर पाणी तापवावं लागतं. त्यांना सौर बंब बसवून द्यायचा, असं ठरवून ओळखीपाळखीच्या लोकांकडे किलोमीटरमागे पैसे मागितले. कुणी रुपया दिला, कुणी दहा.

निघण्याआधी सगळ्यांनी एकच विचारलं, "पैसेच द्यायचे आहेत तर द्या ना. सायकल कशाला?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

सागरी मार्गाने जाताना घाट लागत नाही, असं आम्हाला वाटत होतं. पण प्रत्येक खाडीला रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे तेवढाच वर चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा बोटी करत जायचं. बोटीत पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळे होतात, आणि उतरलं की थंड पडलेल्या पायांनी लगेच चढ. तिसऱ्या दिवशी धोपाव्याच्या चढावर मला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मैत्रिणीने रस्त्याच्या कडेला बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पुढचे दोन किलोमीटर ती माझ्याबरोबर सायकल हातात धरून चालली. तिला सायकलवर बसून जाता आलं असतं.

तवसाळला बोटीची वाट बघत होतो. टपरीवर चहा घेताना एका गृहस्थांनी चौकशी केली. ते प्लंबिंगची कामं करणारे निघाले. त्यांचा पहिलाच प्रश्न : "पाणी विहिरीचं की बोअरचं?" आम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बोअरचं असेल तर आधी तपासून घ्या. जड पाणी असलं की नळ्यांत क्षार धरतो आणि दोन वर्षांत बंब बाद होतो. त्याला वेगळ्या पद्धतीचा लागतो." तिथूनच वसतिगृहाच्या ताईंना फोन लावला. पाणी बोअरचंच होतं. आम्ही जो बंब पसंत केला होता तो रद्द केला आणि थोडा महाग, पण जड पाण्याला चालणारा घेतला. घरी बसून पैसे पाठवले असते तर हे कळलं नसतं. सायकल कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या टपरीवर मिळालं.

तुम्हीही असे गेला असाल तर सांगा. कुणाबरोबर गेलात, कशासाठी गेलात, काय चुकलं, पैशांचा हिशेब कसा ठेवलात. अर्ध्यातून परत आला असाल तर तेही लिहा.

पुण्याहून

माझं वय आता साठीच्या घरात. १९८५च्या डिसेंबरात बाबा आमटे भारत जोडोची सायकलयात्रा घेऊन कन्याकुमारीहून निघाले, तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबांनी सत्तरी ओलांडलेली, पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसवतही नव्हतं. ते गाडीत आडवे पडून बरोबर होते आणि तरुण मुलं-मुली सायकलवर. वर्तमानपत्रातला तो फोटो मी कापून वहीत ठेवला होता. मला जायचं होतं. घरातून परवानगी मिळाली नाही.

ती रुखरुख तीस-बत्तीस वर्षं राहिली. मग कॉलेजच्याच चौघांना गोळा केलं आणि पालखीच्या वाटेने पंढरपूर केलं. दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. साधारण सव्वादोनशे किलोमीटर, तीन दिवस. गावाकडून उपचारासाठी पुण्यात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते. त्यांच्यासाठी एक संस्था खोल्या चालवते, तिला गाद्या आणि पांघरुणं द्यायची होती.

हिशेबाचं मात्र ठासून सांगतो. आमचा राहण्या-जेवण्याचा, टेम्पोच्या डिझेलचा एक रुपयाही देणगीतून घेतला नाही. तो खर्च आधीच पाच जणांत वाटून वेगळा ठेवला. देणगी आमच्या खात्यात घेतलीच नाही, देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यात भरायची. पावती संस्थेची, त्यामुळे ज्याला देणगीवर प्राप्तिकरातली सवलत हवी त्यालाही अडचण नाही. (रोख दोन हजारांच्या वर दिले तर ती सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा.) मित्राच्या खात्यात पैसे जमा करून मग पुढे पाठवू, असं म्हणणारे सगळे प्रामाणिकच असतात. तरीही तसं करू नका. आमच्या ओळखीतल्या एका गटाची तीस वर्षांची मैत्री अशा न लागलेल्या हिशेबापायी तुटलेली मी पाहिली आहे.

त्याच टेम्पोतून

वरच्या काकांबरोबर टेम्पो घेऊन मी गेले होते. सायकल चालवणाऱ्यांच्या गोष्टी सगळे ऐकतात, म्हणून मागून येणाऱ्यांचंही लिहिते. पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार जार, केळी, चिक्की, जादा ट्यूबा, हवेचा मोठा पंप, आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जुनी सतरंजी. दर पंचवीस किलोमीटरवर सावली बघून ती अंथरायची.

टेम्पो सायकलींच्या अगदी मागे ठेवायचा नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकले. हळू चालणाऱ्या टेम्पोला ओलांडायला मागचे ट्रक बाहेर काढतात आणि नेमके सायकलस्वारांच्या अंगावर घालतात. त्यानंतर मी पुढे जाऊन थांबायला लागले. पाच जणांपैकी शेवटचा माणूस दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. फलटणच्या अलीकडे त्या शेवटच्या काकांना चाळीस मिनिटं उशीर झाला. ते आले ते कुणा शेतकऱ्याने दिलेली ऊसाची कांडकी हँडलला बांधून. मी त्यांच्यावर खूप चिडले आणि मग रडले.

लंडनहून

इथली लंडन ते ब्रायटन सायकल राइड दर जूनमध्ये असते. ५४ मैल, म्हणजे ८७ किलोमीटर. क्लॅपहॅम कॉमनहून निघून समुद्रावर संपते. १९८०पासून ती ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी चालते, पैसा हृदयविकारावरच्या संशोधनाला जातो. मी ऑफिसातल्या तिघांबरोबर गेलो. माझे बाबा सांगलीला हृदयविकाराच्या झटक्याने गेले तेव्हा मी इथे होतो. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शेवटाकडे डिचलिंग बीकन नावाचा चढ आहे. जेमतेम दीड किलोमीटर, पण तोवर पाय संपलेले असतात. बरेच जण उतरून चालतात, मीही उतरलो. पुष्कळांच्या पाठीवर कागद लावलेले असतात, 'यांच्यासाठी' असं लिहून खाली नाव किंवा फोटो. माझ्या पाठीवर बाबांचं नाव होतं, देवनागरीत. चढावर मागून येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. बाबांचं नाव त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं, एवढंच माझ्या लक्षात आहे.

इथे कर भरणाऱ्याने पाउंड दिला की सरकारकडून संस्थेला आणखी पंचवीस पेन्स मिळतात. देताना फक्त एक खूण करायची असते. सांगलीच्या मित्रांनी पैसे देऊ का विचारलं, तेव्हा मी त्यांना तिकडच्याच रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीला द्यायला सांगितलं.

कोल्हापूरहून, थोडक्यात

मी दुसऱ्या दिवशी निपाणीच्या पुढे तवंदी घाटात सोडलं. गुडघा. सीट दीड-दोन इंच खाली होती, एवढंच कारण. आधी जवळपास चालवताना काही जाणवलं नव्हतं. पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा, हे कुणीतरी बघून द्या. मित्रांनी माझे उरलेले किलोमीटर आपापसात वाटून घेतले आणि रोज संध्याकाळी परतताना तेवढे जास्त चालवले. देणाऱ्यांना दिलेला शब्द पुरा झाला.

अहिल्यानगर जिल्ह्यातून

मी घेणाऱ्या बाजूची. माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या मुली पाच-सहा किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून येतात आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं, पण ते ठरावीक तालुक्यांत. आमचा तालुका त्यात नाही. त्यामुळे सायकल चालवत येणारे आणि सायकली देऊन जाणारे लोक आमच्यासाठी फार मोलाचे आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका गटाने बारा सायकली दिल्या. मनापासून दिल्या, चांगल्या महागाच्या, गिअरच्या. पावसाळा संपेपर्यंत त्यातल्या सात बंद पडल्या. मागे कॅरिअर नाही, म्हणून मुली दप्तर हँडलला अडकवायच्या. मडगार्ड नाही, म्हणून पाठीवर चिखल. सायकल पडली की मागचा गिअर वाकायचा आणि आमच्या गावच्या दुकानात तो सुटा भाग मिळत नाही. एका मुलीच्या वडिलांनी सायकल खांद्यावर टाकून शाळेत आणून ठेवली. "बाई, भारी वस्तू आहे, आमच्याकडं राहून खराब होतीय," म्हणाले. माझ्या मनाला ते फार लागलं.

पुढच्या वर्षी त्याच गटाचा फोन आला, तेव्हा मी हे सगळं सांगितलं. सांगताना भीती वाटत होती, दान घेऊन खोड काढतात असं वाटेल म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. येताना एक मुक्काम वाढवून शाळेत राहिले, मुलींना सायकल खोलून दाखवली. आता आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पाने, छर्रे, ब्रेकची रबरं, ठिगळं, ती चिकटवायचं सोल्यूशन. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधते, सापडला की बोट दाबून धरते आणि दुसरीला कानस मागते.

या वर्षीच्या गटाला मी यादी पाठवली आहे : चोवीस इंची, बिनगिअरच्या, कॅरिअर आणि मडगार्ड असलेल्या. आणि सोल्यूशन जरा जास्त आणा.