उजवी बोटं ऐकत नाहीत. ट्यूबा डाव्या हाताने जमेल का?

खर्जवाला:
अर्धांगाच्या झटक्यानंतर फुंक शाबूत आहे, ओठही. पण उजव्या हाताचा दुसरा व्हॉल्व्ह दाबायला गेलो की तिसराही सोबत खाली जातो. ब्रास बँडमध्ये ई-फ्लॅट बास, म्हणजे खर्जाचा ट्यूबा वाजवतो, कॉम्पेन्सेटिंग जातीचा (चौथ्यासोबत दुसरे व्हॉल्व्ह दाबले की जादा नळी जोडून सूर सावरणारा): वरचे तीन व्हॉल्व्ह उजव्या हाताला, कडेचा चौथा डाव्याला. बँडमधले म्हणतात, बास ड्रम घ्या. ड्रमचं वावडं नाही, पण मला खर्जच हवा.

पितळी:
जमेल. आधी वजन अंगावरून काढा. स्टँडवर बसवून माउथपीस ओठांच्या उंचीला आणा. मग डावा हात वरच्या तिघांवर. चौथा सुटला की लिहिलेल्या खालच्या एफ-शार्पखाली उतरता येणार नाही, हे आहेच. शिवाय पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र (1-3) दाबला की सूर चढा लागतो आणि 1-2-3 तर कानाला टोचतो. इतके दिवस तिथे 4 आणि 2-4 दाबून निभावत असाल. तिसऱ्याची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, जरा बाहेर ओढा. मग 2-3 उतरेल, तो ओठांनी सांभाळायचा.

हॉर्नवाली:
फ्रेंच हॉर्नचे व्हॉल्व्ह मुळातच डाव्या हाताला असतात! हात नसलेले जर्मन हॉर्नवादक फेलिक्स क्लीझर तर ते डाव्या पायाच्या बोटांनी वाजवतात. ब्रिटनमधला ओएचएमआय ट्रस्ट 2011 पासून एका हाताने वाजवता येणाऱ्या वाद्यांवरच काम करतो, त्यांना लिहून बघा.

खर्जवाला:
ट्रस्टला लिहितो. हॉर्न नको हो, या वयात ते चिमुकलं माउथपीस कुठे घेऊ! पितळी, चौथा सोडायचं जिवावर येतंय.

पितळी:
मग सोडू नका, हात बदला. चौथा तसाही वाद्याच्या उजव्या कडेला असतो, डावा हात पुढून वळसा घालून तिथे पोचतो. तुमचा उजवा तिथेच ठेवा. बोटं एकत्र दाबली जातात ना? जाऊ देत, एकाच व्हॉल्व्हला सगळी मूठ लागली तरी काय बिघडतं? दुरुस्तीवाल्याकडून त्याची स्प्रिंग हलकी करून घ्या, पण फार हलकी नको, नाहीतर वर यायला रेंगाळेल. खरा त्रास डाव्या बोटांचा. सुरुवातीला नुसत्या लांब सुरांवर बसा, मार्चच्या वाटेला जाऊ नका.

खर्जवाला:
आत्ताच मुठीने दाबून पाहिला. जातोय खाली, पण पूर्ण नाही. व्हॉल्व्हच्या बटणावर रुंद चकती बसवली तर चालेल का?